व्हिक्टर फ्रँकल

व्हिक्टर एमिल फ्रँकल (जन्म : व्हिएन्ना, २६ मार्च १९०५, मृत्यू : व्हिएन्ना, २ सप्टेंबर १९९७) हे ऑस्ट्रियातील मज्जासंस्थाविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि तत्त्वचिंतक होते. 'लोगोथेरपी' अर्थात अर्थोपचार या मानसोपचारपद्धतीचे ते जनक असून अस्तित्ववादी मानसोपचाराच्या प्रमुख प्रवर्तकांत त्यांची गणना होते. सिग्मंड फ्रॉइड यांचे मनोविश्लेषण आणि आल्फ्रेड ॲडलर यांचे व्यक्तिमानसशास्त्र यांच्यामागून आलेली म्हणून त्यांच्या विचारपद्धतीला मानसोपचाराचा तिसरा व्हिएन्ना संप्रदाय असे म्हटले जाते.

नाझी छळछावण्यांतील अनुभवांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग' या इंग्रजी नावाने जगभर वाचले गेले. त्याच्या ख्यातीमुळे लोगोथेरपीचा जन्म आउश्वित्झच्या छावणीत झाला असा समज रूढ झाला आहे. तो बरोबर नाही. या पद्धतीचे नाव, तिची मूळ मांडणी आणि तिचा रुग्णांसाठी केलेला वापर हे सारे युद्धापूर्वीचे आहे. व्हिएन्नातील बेकार तरुण, निकालाच्या धास्तीने खचलेले विद्यार्थी आणि आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या स्त्रिया यांच्या सहवासात ती घडत गेली. छावणीत तिची कसोटी लागली.

बालपण आणि शिक्षण

फ्रँकल यांचा जन्म व्हिएन्नाच्या लेओपोल्डश्टाट या ज्यू वस्तीच्या भागात एका मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबात झाला. वडील गाब्रिएल मोरावियातून आलेले, शिस्तप्रिय सरकारी अधिकारी. आई एल्सा मूळची प्राग येथील. वॉल्टर, व्हिक्टर आणि स्टेला या तीन भावंडांत व्हिक्टर मधले. पहिल्या महायुद्धाच्या काळात या कुटुंबाला अन्नटंचाईची झळ बसली.

शालेय वयातच त्यांचा फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. त्यांनी पाठवलेला, होकार-नकार दर्शवणाऱ्या मुद्राभिनयावरील एक लेख फ्रॉइड यांना पसंत पडला आणि त्यांच्याच शिफारशीने तो १९२४ साली मनोविश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. पुढे एकदा दोघांची रस्त्यात योगायोगाने गाठ पडली. फ्रँकल यांनी नाव सांगताच फ्रॉइड यांनी त्यांचा चेर्निनगासे ६ हा घराचा पत्ता दाराच्या क्रमांकासह बिनचूक म्हणून दाखवला. पत्रांवर वर्षानुवर्षे वाचलेला तो पत्ता त्यांच्या ध्यानात राहिला होता. ही पत्रे नंतर गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांनी जप्त केली आणि ती नाहीशी झाली.

वैद्यकाचे शिक्षण घेत असताना फ्रँकल ॲडलर यांच्या वर्तुळात आले. १९२५ साली ॲडलर यांच्या नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि १९२६ साली एका व्याख्यानात त्यांनी 'लोगोथेरपी' हा शब्द वापरला. 'लोगोस' या ग्रीक शब्दाचे अनेक अर्थ आहेत; येथे तो अर्थ, प्रयोजन या अर्थी घेतला आहे. १९२७ साली रुडोल्फ आलर्स आणि ओस्वाल्ड श्वार्त्स या दोन ज्येष्ठ सदस्यांनी ॲडलर यांच्याशी मतभेद जाहीर करून संस्था सोडली. तरुण फ्रँकल यांनी दोन्ही बाजूंत समेट घडवू पाहिला. आपण संस्थेतच राहू, पण सोडून जाणाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. ॲडलर यांनी त्यानंतर त्यांच्याशी बोलणे टाकले आणि काही महिन्यांतच त्यांना संस्थेतून काढण्यात आले.

तरुणांसाठी सल्लाकेंद्रे

दोन महायुद्धांमधल्या काळात व्हिएन्ना ही मानसोपचाराची राजधानी मानली जात होती. पण ज्याला खरोखर गरज आहे अशा गरीब तरुणाला उपचारक सापडणे तेथेही सोपे नव्हते. मनोविश्लेषण महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे चाले आणि त्याचा खर्च कामगाराच्या मुलाला पेलणारा नव्हता. शिवाय शुल्काइतकाच मोठा अडसर लाजेचा होता. घरी समजेल, शाळेत समजेल, या भीतीने मुले कोणाकडे जात नसत.

फ्रँकल यांनी १९२८ पासून व्हिएन्नात तरुणांसाठी सल्लाकेंद्रे उभी केली. तेथे पैसे द्यावे लागत नसत आणि नाव गुप्त ठेवले जाई. आउगुस्ट आइशहोर्न, शार्लोट ब्यूलर, रुडोल्फ ड्रायकुर्स यांसारखी नामांकित मंडळी या कामात सहभागी झाली. सल्लागार आपापल्या घरी किंवा दवाखान्यात ठराविक वेळी बसत आणि त्यांचे पत्ते जाहीर केले जात. त्या यादीत फ्रँकल यांचा चेर्निनगासेमधील पत्ताही होता. युरोपातील इतर काही शहरांनी या केंद्रांचे अनुकरण केले.

१९३० साली त्यांनी शाळांच्या प्रगतिपत्रकांच्या दिवसांत खास मोहीम राबवली, कारण त्याच दिवसांत विद्यार्थ्यांच्या आत्महत्या वाढत. १९३१ साली व्हिएन्नात अनेक वर्षांनी प्रथमच एकाही विद्यार्थ्याच्या आत्महत्येची नोंद झाली नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्याचे सगळे श्रेय एका मोहिमेला देणे धाडसाचे ठरेल. परंतु निकालाच्या तारखेची आणि सल्लागाराच्या उपलब्धतेची सांगड घालण्याची कल्पना काळाच्या पुढची होती, यात शंका नाही. आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालाच्या सुमारास समुपदेशनासाठी दूरध्वनी क्रमांक प्रसिद्ध होतात, तेव्हा याच कल्पनेचे निराळे रूप दिसते.

या केंद्रांतून फ्रँकल यांना एक महत्त्वाचे निरीक्षण मिळाले. जागतिक मंदीत काम गमावलेले अनेक तरुण खिन्नतेने ग्रासलेले होते. बेकार म्हणजे निरुपयोगी आणि निरुपयोगी जगणे म्हणजे निरर्थक जगणे, असे समीकरण त्यांच्या मनात बसले होते. फ्रँकल यांनी अशा तरुणांना वाचनालये, प्रौढशिक्षणवर्ग, युवकसंघटना येथे विनावेतन काम मिळवून दिले. पोट पूर्वीइतकेच रिकामे राहिले, पण अनेकांची खिन्नता ओसरली. १९३३ साली त्यांनी या बेकारीजन्य मनोविकृतीवर लेख लिहिला. लोगोथेरपीचे बीज शोधायचे झाल्यास या लेखाकडे जावे लागते.

श्टाइनहोफ रुग्णालय

१९३० साली वैद्यकीय पदवी मिळाल्यानंतर फ्रँकल यांनी १९३३ ते १९३७ या काळात व्हिएन्नाच्या 'आम श्टाइनहोफ' मनोरुग्णालयात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या स्त्रियांच्या विभागाचे प्रमुख म्हणून काम केले. या विभागातून वर्षाला सुमारे ३,००० रुग्ण जात. कोणाला घरी सोडणे सुरक्षित आहे हे ठरवण्यासाठी ते रुग्णेला प्रथम विचारत, की जीव देण्याचा विचार अजून मनात आहे काय. खरोखर बरी झालेली आणि विचार लपवणारी अशा दोघीही नाही म्हणत. त्यावर ते लगेच विचारत, की का नाही. जिला मुले, अपुरे काम, श्रद्धा असे काहीतरी कारण सांगता येई तिच्याबाबत ते निश्चिंत होत. जी निरुत्तर होई तिला आणखी काही काळ ठेवून घेत. १९३७ साली त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला. तो जेमतेम काही महिने चालला.

नाझी राजवट

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ज्यू डॉक्टरांना ज्यूंखेरीज इतरांवर उपचार करण्यास मनाई झाली. १९४० साली फ्रँकल रोथशिल्ड रुग्णालयाच्या मज्जाविकार विभागाचे प्रमुख झाले. ज्यूंसाठी उरलेले हे व्हिएन्नातील एकमेव रुग्णालय होते. मनोरुग्णांना ठार मारण्याचा नाझींचा कार्यक्रम तेव्हा सुरू होता. फ्रँकल यांनी ओटो प्योत्सल या वरिष्ठ सहकाऱ्याच्या साहाय्याने रोगनिदानाचे खोटे दाखले देऊन काही रुग्णांना त्यातून वाचवले.

याच रुग्णालयातील त्यांचे दुसरे काम मात्र वादग्रस्त ठरले. हद्दपारीच्या भीतीने विष किंवा झोपेची औषधे घेतलेले ज्यू तेथे रोज आणले जात. त्यांना वाचवण्यासाठी इतर उपाय थकल्यावर फ्रँकल यांनी थेट मेंदूत औषध टोचण्याचे, त्यासाठी कवटीला छिद्र पाडण्याचे प्रयोग केले. मज्जाशल्यक्रियेचे प्रशिक्षण त्यांच्याकडे नव्हते. वैद्याने प्राण वाचवण्याची पराकाष्ठा करावी, ही त्यांची भूमिका होती. अमेरिकन इतिहासकार टिमथी पायटेल यांनी या प्रयोगांवर कठोर टीका केली आहे. ज्यांनी छळापेक्षा मरण पत्करले त्यांना पुन्हा त्याच छळाच्या दारात आणून सोडण्याचा अधिकार डॉक्टरला होता काय, हा त्या टीकेतला प्रश्न सहज बाजूला सारता येण्यासारखा नाही.

आत्मचरित्रात त्यांनी या काळातील एक विलक्षण प्रसंग नोंदवला आहे. गेस्टापोने त्यांना चौकशीसाठी बोलावले. तेथील अधिकाऱ्याने मानसोपचाराविषयी विचारपूस सुरू केली आणि मोकळ्या जागेच्या भयगंडाने पछाडलेल्या आपल्या एका मित्राने काय करावे, असे विचारले. हा मित्र म्हणजे तो अधिकारी स्वतःच, हे फ्रँकल यांनी ओळखले. त्यांनी मित्रासाठी म्हणून उपाय सांगितला. त्यांच्या अंदाजानुसार यामुळेच कुटुंबाची हद्दपारी सुमारे एक वर्ष लांबली.

अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वी काही काळ त्यांना तेथे जाण्याचा परवाना मिळाला होता. आपण गेलो तर वृद्ध आईवडिलांना मिळणारे संरक्षण संपेल, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. नाझींनी जाळलेल्या प्रार्थनामंदिराच्या ढिगाऱ्यातून वडिलांनी आणलेला संगमरवराचा एक तुकडा त्यांना घरी दिसला. त्यावर मातापित्यांचा मान राखण्यास सांगणाऱ्या धर्माज्ञेचे एक अक्षर कोरलेले होते. फ्रँकल यांनी परवान्याची मुदत टळू दिली. डिसेंबर १९४१ मध्ये त्यांनी रोथशिल्डमधील परिचारिका टिली ग्रोसर यांच्याशी विवाह केला. ज्यू स्त्रियांना मूल होऊ देण्याची मुभा नव्हती. टिलींना गर्भपात करवून घ्यावा लागला.

छळछावण्या

सप्टेंबर १९४२ मध्ये फ्रँकल, टिली आणि आईवडील यांची टेरेझिनश्टाट येथे रवानगी झाली. वडील तेथेच १९४३ साली वारले. या वस्तीत फ्रँकल यांनी नव्याने येणाऱ्या भेदरलेल्या लोकांना धीर देणारे पथक बांधले. जगातील पहिल्या स्त्री रब्बी रेगिना योनास या त्यांच्या सहकारी होत्या. त्या पुढे आउश्वित्झमध्ये मारल्या गेल्या.

ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रँकल यांना आउश्वित्झला नेण्यात आले. टिलींचे नाव त्या यादीत नव्हते. पतीचा विरोध असतानाही त्या स्वेच्छेने गाडीत बसल्या. फ्रँकल यांनी आपल्या पहिल्या ग्रंथाचे हस्तलिखित कोटाच्या अस्तरात शिवून नेले होते. ते कोटासह गेले. बदल्यात मिळालेल्या मृत कैद्याच्या कोटाच्या खिशात एका हिब्रू प्रार्थनेचे फाटके पान होते.

वाचकांची येथे बऱ्याचदा गल्लत होते. फ्रँकल आउश्वित्झमध्ये केवळ काही दिवस होते. तेथून त्यांना डाखाऊच्या अखत्यारीतील काउफरिंग येथे आणि मार्च १९४५ मध्ये ट्युर्कहाइम येथे हलवण्यात आले. गोठलेल्या जमिनीवरील खोदकाम, उपासमार आणि मारहाण यांची त्यांच्या पुस्तकातील वर्णने मुख्यत्वे या लहान छावण्यांतील आहेत. ट्युर्कहाइममध्ये त्यांना प्रलापक ज्वर (टायफस) झाला. ग्लानीत झोप लागली तर मृत्यू येईल या भयाने ते रात्री जागे राहत आणि चोरून मिळवलेल्या कागदाच्या कपट्यांवर लघुलिपीत हरवलेल्या ग्रंथाचे मुद्दे टिपत. २७ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने या छावणीची मुक्तता केली.

ऑगस्टमध्ये व्हिएन्नाला परतल्यावर त्यांना एकेक बातमी कळत गेली. आई आउश्वित्झच्या विषारी वायूच्या कोठडीत गेली होती, भाऊ वॉल्टर तेथेच मरण पावला होता आणि टिलींचा बेर्गन-बेल्झन येथे अंत झाला होता. ऑस्ट्रेलियाला गेलेली बहीण स्टेला तेवढी उरली होती.

उत्तरायुष्य

मित्रांनी त्यांना एकटे सोडले नाही. हरवलेला ग्रंथ त्यांनी पुन्हा लिहून काढला आणि छावणीवरचे पुस्तक अवघ्या नऊ दिवसांत तोंडी सांगून लिहवले. ते निनावी छापावे अशी त्यांची इच्छा होती. मित्रांच्या आग्रहाने नाव आतल्या पानावर आले. १९४६ साली निघालेल्या या जर्मन पुस्तकाला प्रारंभी फारसा प्रतिसाद मिळाला नाही. १९५९ साली इंग्रजी अनुवाद आल्यानंतर मात्र चित्र पालटले. त्यांच्या मृत्यूपर्यंत त्याच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या होत्या. मराठीतही त्याचा अनुवाद झाला आहे.

१९४६ पासून सुमारे २५ वर्षे फ्रँकल व्हिएन्नाच्या 'पोलिक्लिनिक' रुग्णालयातील मज्जाविकार विभागाचे प्रमुख होते. १९४७ साली त्यांनी तेथेच काम करणाऱ्या एलिओनोर श्विन्ट यांच्याशी विवाह केला. त्या कॅथलिक होत्या आणि दोघेही परस्परांच्या सणांत सहभागी होत. १९४८ साली फ्रँकल यांना तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट मिळाली. १९५५ साली ते व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक झाले, १९६१ साली हार्वर्डमध्ये अभ्यागत प्राध्यापक होते. गिर्यारोहण हा त्यांचा आयुष्यभराचा छंद होता. वयाच्या ६७व्या वर्षी त्यांनी विमान चालवण्याचा परवानाही मिळवला.

अस्तित्ववादी मानसोपचार आणि लोगोथेरपी

अस्तित्ववादी मानसोपचार हे एकाच पद्धतीचे नाव नाही. मृत्यूची अटळता, निवडीचे स्वातंत्र्य आणि तिची जबाबदारी, एकाकीपणा, जगण्याचे प्रयोजन या प्रश्नांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या अनेक पद्धतींचा तो समूह आहे. स्वित्झर्लंडमधील लुडविग बिन्सवँगर आणि मेडार्ड बॉस, अमेरिकेतील रोलो मे आणि अर्विन यालोम हे त्यातील अन्य प्रमुख विचारवंत होत. या पद्धतींत माणसाची चिंता हे नेहमीच रोगाचे लक्षण मानले जात नाही. नोकरीतून निवृत्त झालेला, अपत्य गमावलेला किंवा सर्व सुखसोयी असूनही आतून रिता झालेला माणूस आजारी असेलच असे नाही. तो एका खऱ्या प्रश्नापाशी येऊन ठेपलेला असू शकतो. उपचारक त्याला उत्तर देत नाही, त्या प्रश्नापाशी त्याच्या सोबत थांबतो.

फ्रँकल यांच्या मते माणसाची मूळ प्रेरणा अर्थाच्या शोधाची असते. हा अर्थ तीन वाटांनी सापडतो : काही निर्माण करून, काही अनुभवून किंवा कोणावर प्रेम करून, आणि अटळ दुःखाला कसे सामोरे जायचे ते ठरवून. शेवटच्या वाटेविषयी पुष्कळ विपर्यास होतो. टाळता येण्याजोगे दुःख सोसत राहण्यात फ्रँकल यांना काहीही थोर वाटत नसे. त्याचे कारण दूर करणे हेच तेथे कर्तव्य, असे ते बजावत. प्रयोजन हरवल्याने येणाऱ्या रितेपणाला त्यांनी 'अस्तित्वाची पोकळी' म्हटले. आठवडाभर कामात बुडालेल्या माणसाला सुटीच्या दिवशी जाणवणाऱ्या उदासीसाठी ते 'रविवारची मज्जाविकृती' हे मार्मिक नाव वापरत.

त्यांच्या उपचारतंत्रांत 'विरोधाभासी हेतू' हे सर्वात प्रसिद्ध आहे. चारचौघांत घाम फुटण्याच्या धास्तीने त्रस्त झालेल्या एका तरुण डॉक्टराला त्यांनी सांगितले, की लोकांसमोर जाताना आता भरपूर घाम गाळून दाखवण्याचा निश्चय कर. ज्याची भीती तेच हसतहसत मागितल्यावर भीतीचे चक्र तुटले. (गेस्टापोच्या अधिकाऱ्याच्या 'मित्राला' सुचवलेला उपाय याच जातीचा होता.) दुसरे तंत्र म्हणजे स्वतःकडे सतत लागलेले लक्ष बाहेरच्या कामाकडे किंवा माणसाकडे वळवणे. तिसरे संवादाचे. पत्नीच्या मृत्यूनंतर दोन वर्षे शोकात असलेल्या एका वृद्ध डॉक्टराला फ्रँकल यांनी एवढेच विचारले, की तुम्ही आधी गेला असता तर तिचे काय झाले असते. तिला हे दुःख भोगावे लागले असते, हे उमगताच त्या गृहस्थांनी हस्तांदोलन केले आणि शांतपणे निघून गेले. शोक संपला नव्हता. तो कोणासाठी सोसायचा हे कळले होते.

फ्रँकल केवळ संवादावर विसंबून नव्हते. शारीरिक कारणांनी उद्भवणाऱ्या तीव्र अवसादात ते औषधे देत आणि तेथे लोगोथेरपी पूरक मानत. योग्य उपचारक कोणता, या प्रश्नाबाबतही त्यांचे मत व्यवहारी होते. प्रत्येक उपचार म्हणजे दोन अज्ञात संख्यांचे समीकरण आहे, अशी उपमा ते देत. एक रुग्णाचे वेगळेपण, दुसरी उपचारकाचे व्यक्तिमत्त्व. म्हणून एकच पद्धत सर्वांना लागू पडत नाही आणि एकाच उपचारकाला सर्व पद्धती साधत नाहीत. उपचारकाच्या शोधात असलेल्या माणसाला, पहिल्या ठिकाणी सूर जुळला नाही तर तो दोष आपलाच असे समजण्याचे कारण नाही, हे यातून ओघानेच येते.

टीका आणि वाद

लोगोथेरपीत उपचारक स्वतःचा अर्थ रुग्णावर लादू शकतो, ती हुकूमशाहीकडे झुकते, असा आक्षेप रोलो मे यांनी घेतला. फ्रँकल यांनी तो अमान्य केला. अर्थ देता येत नाही, तो ज्याचा त्यानेच शोधायचा असतो, असा त्यांचा खुलासा होता. तरीही त्यांच्या नोंदींतील काही संवाद वाचताना उत्तर डॉक्टरांच्या मनात आधीच तयार होते की काय, असे वाटल्यावाचून राहत नाही.

संपूर्ण जर्मन किंवा ऑस्ट्रियन समाजाला सामूहिकपणे दोषी ठरवण्यास त्यांचा सदैव विरोध होता. सभ्य आणि असभ्य माणसे प्रत्येक गटात असतात, असे ते मानत. १९८८ साली त्यांनी अध्यक्ष कुर्ट वाल्डहाइम यांच्याकडून राष्ट्रीय सन्मान स्वीकारला. वाल्डहाइम यांच्या युद्धकाळातील सैनिकी सेवेवरून तेव्हा मोठा गदारोळ चालू होता आणि अनेक ज्यूंना फ्रँकल यांची ही कृती दुखावून गेली.

शिष्यांशीही मतभेद झाले. आल्फ्रीड लेंगले यांनी उपचारात भावना आणि आत्मानुभव यांना अधिक स्थान दिले. ते मान्य नसल्याने फ्रँकल यांनी १९९१ साली त्यांच्या संस्थेचे सन्माननीय अध्यक्षपद सोडले. आजही 'अस्तित्व-विश्लेषण' हे नाव दोन्ही परंपरा वापरतात.

अखेरचा काळ

अखेरच्या वर्षांत फ्रँकल यांची दृष्टी गेली. १९९५ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. हृदयविकाराने त्यांचे निधन झाले तेव्हा प्रिन्सेस डायना यांच्या अपघाती मृत्यूला दोनच दिवस झाले होते आणि तीन दिवसांनी कोलकात्यात मदर तेरेसा निवर्तल्या. त्या गर्दीत ही बातमी काहीशी मागे पडली. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीतील ज्यू विभागात त्यांचे दफन करण्यात आले. मारियानेनगासे १ या इमारतीत ते १९४५ पासून अखेरपर्यंत राहत होते. त्यांच्या घराशेजारच्या सदनिकेत २०१५ पासून त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे.